अमीन मिस्त्रींचं ताक

त्या दिवशी सकाळपासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. ताक घुसळून झालं होतं, किटलीत ओतून झालं होतं, झाकणावर फडकं बांधून झालं होतं, तरी परत परत स्वयंपाकघरात जाऊन मी ते फडकं चाचपत होते. मग मागच्या दारानं शेडमध्ये जायचं, गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवायचा आणि परत यायचं. पत्रा दवानं गार पडला होता. थंडी सुरू झाली की कळंब्याच्या तळ्याकडून असं धुकं येतं की आमच्या दारातून समोरचं फाटक दिसत नाही. एरवी मला ते आवडतं. त्या दिवशी मात्र ते नकोसं वाटत होतं, कारण आमची गाडी ओल्या हवेतच दगा देत होती.

गॅरेजवाले त्याला मिसिंग म्हणतात. इंजिन एका लयीत चाललेलं असतं आणि मधेच एक ठोका गळतो. अंधारात जिना उतरताना पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं मला होतं. मग आणखी एक ठोका गळतो, गाडी आचके देते आणि भर रस्त्यात उभी राहते.

"आज्जी, अगं बस की जरा," यशराज म्हणाला. "तुझ्या चपलांच्या आवाजानं मला चहासुद्धा गोड लागंना."

"गोड लागंना तर साखर घाल," मी म्हणाले आणि परत शेडमध्ये गेले.

यशराज माझा नातू. त्याचे आईवडील बेंगळुरूला असतात; तो आणि मी इथे. पोरगा मायेचा आहे, पण घाबरला की चिडतो, थेट त्याच्या आजोबांसारखा. दिवाळीनंतर आमची गाडी पंचगंगेच्या पुलावर बंद पडली तेव्हा तो माझ्या शेजारी बसला होता. मागून उसाचा ट्रक येत होता. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबले, आम्ही वाचलो, आणि ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "म्हातारे, हे खेळणं घरात चालीव की!" मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. यशराज मात्र घरी येईपर्यंत डॅशबोर्ड घट्ट धरून बसला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं पुण्याच्या कुठल्या जुन्या गाड्या जमवणाऱ्या माणसाला फोन लावला. तो माणूस रविवारी गाडी बघायला येणार होता.

मी भांडले. शेवटी असं ठरलं, की मी गाडी घेऊन जयसिंगपूरला जाऊन यायचं. वाटेत कुठेही बंद पडली नाही तर पुण्याच्या माणसाला नको म्हणून सांगायचं. बंद पडली तर किल्ली यशराजच्या हातात द्यायची आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

गाडी म्हणजे बेबी हिंदुस्थान, जुन्या काळातली छोटी मोटार, सायीच्या रंगाची. माझ्या यजमानांची, बाळासोंची, शाहूपुरीत गुळाची अडत होती. गुळाचा भाव चांगला लागला त्या वर्षी त्यांनी ही एका वकिलांकडून घेतली. तेव्हा गाडीत गुळाचा वास यायचा. अजून उन्हाळ्यात काचा बंद ठेवल्या की मला तो येतो. यशराज म्हणतो, येत नाही.

यजमान अचानक गेले. त्या दिवशी परसात बायकांनी मला बसवलं, बांगड्या उतरवल्या, ओल्या पदरानं माझं कुंकू पुसलं. कुणी पुसलं ते मला आठवतं. नाव घेत नाही, तिचाही इलाज नव्हता. त्यानंतर मी कुणाच्या हळदीकुंकवाला गेले नाही, म्हणजे कुणी बोलावलंच नाही. गाडी शेडमध्ये धूळ खात पडली. मग एक दिवस उद्यमनगरातले अमीन मिस्त्री आले. यजमानांची गाडी तेच बघायचे. म्हणाले, "वैनी, गाडी ठिवायची आसंल तर चालवाय शिका. उभी गाडी मरती." त्यांनीच मला कळंब्याच्या रस्त्यावर गाडी शिकवली. मी गिअर बदलताना कर्रकन आवाज केला की ते खिडकीबाहेर बघत, जणू तो आवाज दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा होता.

गाडीसोबत त्यांनी मला तिची दुखणीही शिकवली. सगळ्यांत नाजूक दुखणं डिस्ट्रिब्युटरचं. इंजिनच्या अंगाला वाटीएवढी एक वस्तू असते, तिच्यावर काळी टोपी. मधल्या तारेनं ठिणगी आत येते आणि आतला रोटर फिरत फिरत ती कडेच्या चार तारांना पाळीपाळीनं वाटतो. आत पॉइंट असतात, त्यांची फट बारीक पात्यानं मोजायची, काजळी धरली तर पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवायचा, तेलाचा एकच थेंब, जास्त नाही. "आन टोपी कायम कोरडी पायजे वैनी," ते बजावायचे. "ठिणगी लई आळशी. तिला सोपी वाट दिसली की ती कामावर जात न्हाय."

मी टोपी कोरडीच ठेवत होते. पावसाळ्यात तर तिच्यावर जुन्या छत्रीच्या कापडाची झूल घालायचे. लोक कुत्र्यामांजरांचे लाड करतात, तसे मी त्या टोपीचे केले.

खंडेनवमीला बॉनेट उघडून आत पूजा करण्याची पद्धत यजमानांची. त्यांच्यामागं मी ती मोडली नाही. इंजिनला फूल वाहायचं, आणि ठिणगी जिथून निघते त्या टोपीला कुंकू लावायचं. आत पंख्याचा वारा असतो, कोरडं कुंकू उडून जातं, म्हणून मी ते तेलात कालवून दोन बोटं ओढायची, मधल्या तारेपासून कडेपर्यंत. माझ्या कपाळाला कुंकू नव्हतं, देवाला आणि गाडीला होतं. गाडीला लावताना कुणी अडवलं नाही. यंत्राला काय कळतंय, असं सगळ्यांना वाटत असेल.

आणि दसऱ्याच्या संध्याकाळी अमीन मिस्त्री आपट्याची पानं घेऊन हटकून यायचे. सोनं द्यायचे, घ्यायचे, मग म्हणायचे, "वैनी, जरा ताक करा की. तुमच्या हातचं ताक कुठं मिळत न्हाय. तवर मी तेल बघतो." मी हौसेनं ताजं विरजण घेऊन घुसळायला बसायची. मोहल्ल्यात त्यांना चहा देणारी ढीग घरं, पण ताक मागतात ते माझ्याकडं, याचा मला केवढा अभिमान. कुठे भेटायला जायचं झालं तरी त्यांच्यासाठी मी किटलीभर ताक घेऊनच जाई.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर त्यांची नजर गेली. लेकीनं, नाजियानं, त्यांना जयसिंगपूरला नेलं. गॅरेज त्यांचा मुलगा कामिल बघतो. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, गाडी उभीच राहिली. यंदा दसऱ्यानंतर बाहेर काढली आणि हे मिसिंग सुरू झालं. कामिलनं पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, रोटर बदलला, शेवटी कुठूनतरी नवी टोपी पैदा केली. गॅरेजमध्ये दुपारच्या उन्हात गाडी शीळ घालत चालायची. घरी आणली की दुसऱ्या सकाळी परत तेच. कामिल माझ्याशी बोलताना आताशा खाली बघायचा. मला वाटलं, पोराला लाज वाटतेय. म्हणून मीच म्हटलं, गाडी त्याच्या अब्बांकडे नेऊ. डोळ्यांनी दिसलं नाही तरी त्यांना विचारता तर येईल.

निघालो तेव्हा कामिल माझ्या शेजारी, मांडीवर ताकाची किटली. यशराज मागून त्याच्या गाडीनं.

शिरोलीपर्यंत ठीक होतं. माझं रस्त्यावर लक्ष होतं, पण सगळे कान इंजिनमध्ये. कामिल काही बोलायला लागला की मी त्याला गप्प करत होते. हातकणंगल्याच्या अलीकडे उसाच्या फडांमधून धुकं रस्त्यावर उतरलं होतं. तिथे पहिला ठोका गळला.

"ऐकलास?" मी म्हटलं.

"न्हाय आज्जी, खड्डा आसंल."

खड्डा नव्हता. गाडीनं तीन-चार आचके दिले, किटलीतलं ताक कामिलच्या पँटीवर सांडलं आणि आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो.

यशराज आला. त्यानं नुसता तळहात पुढं केला.

"परत आल्यावर देते," मी म्हटलं.

"आज्जी, ठरलं काय हुतं?"

"जाऊन यायचं ठरलं हुतं. अजून गेले कुठं?"

"बंद पडली की न्हाय?"

मी किल्ली घट्ट धरून बसले. सत्तरी ओलांडलेली बाई, पण त्या क्षणी खोड्या करून पकडलेल्या पोरासारखं माझं तोंड झालं असणार. कामिलनं टोपी काढली, आतून पुसली, फुंकर मारली, परत बसवली. ऊन थोडं वर आलं होतं. गाडी सुरू झाली.

"जयसिंगपूरपर्यंत न्हे," यशराज म्हणाला. "येताना माझ्या गाडीत बसायचं. ही तिथंच राहील. त्या पुण्याच्या माणसाला सांगतो, तिथनंच टेम्पोत घालून न्हे म्हणून."

नाजियाच्या घरामागे तिच्या नवऱ्याचं पेंडीचं गोदाम आहे. अमीन मिस्त्री गोदामाच्या दारात खुर्ची टाकून उन्हाला बसले होते. फार वाळले होते. आवाज ऐकून उठून उभे राहिले.

"या वैनी. गाडी घिऊन आलासा?"

"आणली. आणि किल्ली आता जाणार माझी," मी म्हटलं आणि एका दमात सगळं सांगितलं. सांगताना मला बसवेना. नाजियानं पुढे केलेल्या खुर्चीला नुसता हात लावून मी उभीच राहिले. नाजियानं उरलेलं ताक पेल्यात ओतून दिलं. मिस्त्रींनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"पॉइंट?" त्यांनी कामिलला विचारलं.

"नवं, अब्बा. फट दोनदा बघितली."

"कंडेन्सर?"

"नवा. टोपी, रोटर, तारा, समदं नवं."

मिस्त्री माझ्याकडे तोंड करून, जरा दबकत म्हणाले, "वैनी, यंदा पूजा झाली न्हवं?"

"झाली की."

"आन कुंकू?"

"ते काय चुकतंय व्हय? टोपीला लावलं. नवी टोपी बसवल्यावर तिलाबी लावलं. नवी वस्तू तशीच कशी वापरायची?"

कामिल खाली बघत होता. मिस्त्रींनी त्याच्या दिशेनं मान वळवली. "तुला दिसलं न्हाय?"

"दिसलं," कामिल म्हणाला. "शंकाबी आलती. पर अब्बा, दिवस कसे हायत. मी कुणाच्या घरच्या गाडीचं कुंकू पुसलं आन कुणी बघितलं तर? म्हणून म्हटलं, दुसरं समदं बदलून बघू."

मला ते लागलं. या पोराला मी अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्याला माझी भीती वाटली असं नव्हे, पण माझ्या दारात उभं राहून कुणाची तरी वाटली.

"नुसत्या कुंकवानं काय होतंय?" यशराज म्हणाला. "एवढासा तर डाग."

"गाडी आत घ्या," मिस्त्री म्हणाले. "शटर निम्मं खाली वडा. बॉनेट उघडा. आन नाजिया, वाटीत पाणी आण."

गोदामात अंधारलं. कामिलनं बोटांनी टोपीवर पाणी शिंपडलं, दवासारखं, अगदी थोडं. मी गाडी सुरू केली आणि उतरून पुढे आले. इंजिन आचके देत होतं. आधी काही दिसलं नाही. मग डोळे सरावले आणि मला माझी दोन बोटं दिसली. मधल्या तारेपासून निघून निळ्या रंगाची बारीकशी रेघ माझ्या कुंकवाच्या बोटावरून सरपटत कडेच्या तारेकडे पळत होती. एकदा, परत एकदा, मग दुसऱ्या बोटावरून. जिथे जायला नको तिथे ठिणगी माझ्याच हातानं काढलेल्या वाटेनं चालली होती.

"आयला," यशराज म्हणाला. कामिलनं इंजिन बंद केलं.

शटर वर गेलं. "तेलातलं कुंकू ओल धरतंय," मिस्त्री म्हणाले, "आन ठिणगीला सोपी वाट गावती."

"मग इतकी वर्षं?" मी विचारलं. "इतकी वर्षं लावतेच आहे की मी."

मिस्त्रींनी घसा साफ केला. "दसऱ्याला मी यायचो न्हवं."

"तेल बघायला."

"तेलाला काय धाड भरलीया. तुमी आत गेलासा की पेट्रोलचं फडकं फिरवायचो. गेल्या साली मी न्हवतो, पर तुमची गाडीबी उभी हुती."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "म्हणून ताक?"

"चा झटक्यात हुतो वैनी. ताक घुसळाय वेळ लागतो." ते ओशाळवाणं हसले. "खरं सांगू? ताक मला कंदीच आवडलं न्हाय. आंबट ढेकर येत्यात."

नाजिया तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. मलाही हसू आलं, आणि राग आला, आणि किटलीकडे बघवेना. एवढी वर्षं हा माणूस माझ्यासमोर पेल्यामागून पेले रिचवत होता.

"एकदा तोंडानं सांगायचं की हो! मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"कसं सांगणार?" मिस्त्रींचं हसू गेलं. "बाळासोंच्या मयतीला मी परड्याच्या भिंतीपलीकडं हुतो. आवाज येत हुता. त्येच्यानंतर पयल्या खंडेनवमीला तुमी गाडीला कुंकू लावलासा, तवाबी मी बघितलं. आता त्या बाईला जाऊन म्हणू, की वैनी, हितलंबी पुसा?"

मी खुर्चीवर बसले. गाडी सोडली तर सकाळपासून पहिल्यांदाच.

कामिलनं फडकं पेट्रोलमध्ये बुडवलं आणि माझ्याकडे बघत थांबला. पुसायला हात पुढं होईना त्याचा.

"दे इकडं," मी म्हटलं.

टोपी हातात घेतली. तेलात कालवलेलं कुंकू घट्ट बसलं होतं, दोनतीनदा फडकं फिरवावं लागलं. घासताना माझा हात थांबत होता. मी थांबू दिला नाही. फडकं लाल झालं, बोटं लाल झाली. खाली काळ्या टोपीवर केसाएवढी जळकी रेघ उठली होती. ती कामिलनं पात्यानं खरवडून काढली, उन्हात धरून बघितली, परत खरवडली. मग टोपी बसवली आणि वर पुन्हा पाणी शिंपडलं, मघापेक्षा जास्त. मी किल्ली फिरवली. इंजिननं ठेका धरला, आणि सोडला नाही.

मिस्त्री खुर्चीत मान तिरकी करून ऐकत होते. "आता ठीक," एवढंच म्हणाले.

यशराज फोन हातात घेऊन उभा होता. टेम्पोचं बोलायचं राहिलं होतं. त्यानं फोन खिशात घातला. "कामिल, माझी गाडी तू आण. मी आज्जीशेजारी बसतो."

"बंद पडली तर?" मी विचारलं.

"तर मग ट्रकवाला दोघांनाबी शिव्या घालंल."

निघायला उशीर झाला, कारण नाजियानं जेवल्याशिवाय सोडलं नाही. साबणानं हात धुतले तरी बोटांवरची तेलकट लाली गेली नव्हती. शिरोलीला पोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि नदीवरून परत ओल चढत होती. पूल आला. मी स्टेअरिंग आणखी घट्ट धरलं. मागे उसाचा ट्रक होताच. या दिवसांत तो असतोच. यशराजनं डॅशबोर्डवर हात टेकला होता, आणि तो हात टेकलाय हे त्याच्या लक्षातच नव्हतं. मी ठोके ऐकत होते. एकही गळला नाही. पूल संपला तरी मी ऐकतच होते, ताराराणी चौकातही, सिग्नललाही, घरापर्यंत.

शेडमध्ये गाडी बंद केली. यशराजनं तळहात पुढं केला. ठरलं ते ठरलं होतं. जाताना ती बंद पडली होती. मी किल्ली दिली. त्यानं ती दाराजवळच्या खिळ्याला अडकवली, जिथे ती नेहमी असते.

"आणि रविवारचं?" मी विचारलं.

"त्याला ये म्हटलंय, आता नको कसं म्हणायचं? येऊ दे. ताक देऊ की त्याला, गाडी न्हाय."

तो आत गेला. मी दार लावायला वळले आणि गाडीतला दिवा चालू राहिलेला दिसला. विझवायला वाकले तर स्टेअरिंगच्या फिकट कड्यावर लाल बोटं उठलेली. माझीच. जयसिंगपूरपासून इथपर्यंत घट्ट धरून आणल्याची. मी पदर ओला करून आणला, कड्याजवळ नेला आणि तशीच उभी राहिले. तिथे कुठलीही तार जात नव्हती.

दुसऱ्या सकाळी धुकं होतंच. मी चहाच्या आधी शेडमध्ये गेले, गाडी सुरू केली आणि त्या लाल बोटांवर आपली बोटं ठेवून ऐकत बसले. ठोका गळत नव्हता. तरी मला उठवेना. आत यशराज ओरडत होता, "आज्जी, अगं चालतीया ती, ये की आता!" मी म्हटलं, आले, आले, आणि अजून थोडा वेळ ऐकत राहिले.